कसोटीची कसोटी

सोनाराच्या दुकानांत काळ्या दगडाचा एक गुळगुळीत तुकडा असतो. त्यावर दागिना घांसला म्हणजे जी रेघ उमटते तिच्या रंगावरून सोन्याचा कस ठरतो. या दगडाला कसोटी म्हणतात, आणि परीक्षा या अर्थानें आपल्या भाषेंत रूढ झालेला कसोटी हा शब्द याच दगडावरून आला. आतां एखाद्या चिकित्सक गिऱ्हाइकानें विचारलें कीं, "शेटजी, सोनें खरें कीं खोटें हें दगड सांगतो, पण दगड खरा कीं खोटा हें कोण सांगणार?" तर त्याला काय उत्तर द्यावें? उत्तर अवघड नाहीं. दगडावर जाणूनबुजून पितळ घांसून पाहावें. पितळेची रेघ व सोन्याची रेघ त्यानें निरनिराळी दाखविली तर दगड कामाचा. दोन्ही सारख्याच दिसल्या तर तो फेंकून द्यावा, मग आजवर त्यानें शंभर दागिने अस्सल ठरविले असले तरी बेहत्तर. जो दगड पितळेलाहि सोनें म्हणतो, त्यानें सोन्याला सोनें म्हटलें यांत विशेष तें काय?

हाच प्रश्न संगणकाच्या आज्ञावलीविषयींहि विचारतां येतो, आणि तो विचारण्याची जी एक रीत आहे तिची ओळख प्रस्तुत लेखांत करून द्यावयाची आहे. आज्ञावली, अर्थात् प्रोग्रॅम, म्हणजे संगणकानें कोणतें काम कोणत्या क्रमानें करावें हें सांगणाऱ्या आज्ञांची मालिका. हल्लीं रेल्वेचें तिकीट, बँकेंतील खातें, रुग्णालयांतील यंत्रें, इतकेंच नव्हे तर शालान्त परीक्षेचें गुणपत्रकहि अशा आज्ञावल्यांच्या हातीं आहे. म्हणून आज्ञावली लोकांच्या उपयोगास देण्यापूर्वीं तिच्या चांचण्या घेतात. ज्याचें उत्तर आपणांस आधींच ठाऊक आहे असा प्रश्न तिला घालावयाचा, व तिनें दिलेलें उत्तर आपल्या उत्तराशीं ताडून पाहावयाचें, ही झाली चांचणी. असे शेंकडों प्रश्न एकत्र करून ठेवतात, आणि आज्ञावलींत थोडा जरी फेरफार झाला तरी ते सारे यंत्राकरवींच पुन्हां विचारविले जातात. सर्व उत्तरें जुळलीं कीं पडद्यावर हिरवी खूण उमटते आणि मंडळींचा जीव भांड्यांत पडतो.

परंतु शंभरांपैकीं शंभर गुण मिळाले याचा अर्थ मुलगा हुशार, कीं प्रश्नपत्रिका सोपी? शिक्षकाच्या पेशांत वर्षें घालविलेल्या मनुष्यास हा प्रश्न नवा नाहीं. ज्या प्रश्नपत्रिकेंत समजून शिकलेला आणि नुसतें घोकून आलेला असे दोघेहि पहिले येतात, ती प्रश्नपत्रिका कोणाचीच परीक्षा घेत नाहीं.

एक अगदीं लहान उदाहरण घेऊं. ३५ किंवा त्याहून अधिक गुण असतील तर "उत्तीर्ण" व एरव्हीं "अनुत्तीर्ण" असें लिहिणारी एका ओळीची आज्ञावली आहे. तिच्या चांचणीकरितां एकानें दोन प्रश्न काढले: ८० गुण आणि २० गुण. पहिल्याचें उत्तर उत्तीर्ण आलें, दुसऱ्याचें अनुत्तीर्ण. हिरवी खूण झाली. आतां आपण पितळ घांसून पाहूं. आज्ञावलीची एक नक्कल करावी व तींत मुद्दाम एकच चूक घालावी: "३५ किंवा अधिक" याऐवजीं "३५ हून अधिक." तेच दोन प्रश्न या बिघडविलेल्या नकलेस विचारावे. ८० गुणांचा मुलगा उत्तीर्ण, २० गुणांचा अनुत्तीर्ण. पुन्हां हिरवी खूण! म्हणजे बरोबर ३५ गुण मिळविलेल्या मुलाला नापास करणारी आज्ञावलीहि आपल्या चांचणींतून सहीसलामत सुटली. ज्या घरीं असा मुलगा आहे त्या घरास हा केवळ एका चिन्हाचा फरक आहे असें वाटणार नाहीं. उपाय मात्र सोपा. ३५ हा आंकडाच तिसरा प्रश्न म्हणून घालावा. मूळ आज्ञावली उत्तीर्ण म्हणते, नक्कल अनुत्तीर्ण म्हणते, आणि चोर सांपडतो.

या रीतीस म्यूटेशन टेस्टिंग असें नांव आहे. म्यूटेशन हा शब्द जीवशास्त्रांतील. प्राण्यांच्या किंवा वनस्पतींच्या आनुवंशिक गुणांत जो आकस्मिक बदल होतो त्याला मराठींत उत्परिवर्तन म्हणतात. येथें बदल आकस्मिक नसतो, हेतुपुरस्सर केलेला असतो. बिघडविलेल्या प्रत्येक नकलेला म्यूटंट म्हणावयाचें. चांचणीनें तो पकडला तर म्यूटंट "मारला गेला," न पकडला तर "जिवंत राहिला." भाषा थोडी खाटिकखान्याची आहे खरी, पण तीच रूढ झाली आहे. नकला करण्याचें काम माणसाला करावें लागत नाहीं. तेंहि एक यंत्रच करतें. अधिकाच्या जागीं उणें, "आणि" च्या जागीं "किंवा," "मोठा" च्या जागीं "मोठा अथवा समान," एखादी आज्ञा अजीबात गाळणें, असे ठराविक फेरफार तें एकेका ठिकाणीं एकेक करीत जातें, व प्रत्येक नकलेवर सर्व चांचण्या चालवून पाहतें. काम आटोपलें कीं नकला टाकून देतात. त्या कोणाच्या वापरांत येत नाहींत. अखेर हातीं राहते ती जिवंत राहिलेल्या म्यूटंटांची यादी, आणि खरें मोल त्या यादीचें आहे.

विमानतळावर सामान तपासणाऱ्या नोकरांच्या बाबतींतहि अशीच एक युक्ति योजतात. क्ष-किरणांच्या पडद्यावर पिशव्यांची चित्रें सरकत असतां मधूनच यंत्र एखाद्या पिशवींत पिस्तुलाची खोटी प्रतिमा मिसळतें. तपासनीसानें ती ओळखली तर त्याची नजर जागी आहे. दिवसभर कांहींच सांपडलें नाहीं एवढ्यावरून तो दक्ष होता, कीं पेंगत होता, हें कळावयास दुसरा मार्ग नाहीं.

कोणी म्हणेल, एवढा खटाटोप कशाला? चांचणी घेतांना आज्ञावलीची प्रत्येक ओळ निदान एकदां चालून गेली कीं नाहीं हें मोजणारीं साधनें आहेत; तीं पुरेत. हीं साधनें उपयोगी आहेत यांत शंका नाहीं. पण ओळ चालून जाणें निराळें आणि ओळ तपासली जाणें निराळें. एखाद्या गुरुजींनीं मुलाच्या वहीचें पान न् पान उलटलें, प्रत्येक पानावर तांबड्या शाईची सही ठोकली, परंतु एकहि गणित वाचलें नाहीं, तर वही शंभर टक्के उलटली गेली एवढेंच म्हणतां येईल. वरच्या उदाहरणांत ८० आणि २० या दोन प्रश्नांनीं आज्ञावलीचा प्रत्येक शब्द चालून गेला होता. तरीहि ३५ गुणांचा मुलगा बुडालाच. मोजणीच्या अशा आंकड्यांवर आमचा फारसा विश्वास नाहीं, तो यामुळेंच.

आतां जरा मोठें उदाहरण पाहूं. लीप वर्षाचा नियम सर्वांस ठाऊक आहे. ज्या सालास ४ नें भाग जातो तें लीप वर्ष. मात्र १०० नें भाग जात असेल तर तें लीप नव्हे. मात्र ४०० नें भाग जात असेल तर पुनः लीप. ही आज्ञावली लिहून २०२३ व २०२४ या दोन सालांनीं ती तपासली. पहिलें लीप नाहीं, दुसरें आहे. उत्तरें बरोबर आलीं. आतां म्यूटंट काढूं. पहिला म्यूटंट १०० चा अपवादच गाळतो. २०२३ व २०२४ यांचीं उत्तरें जशींच्या तशीं येतात, म्हणून तो जिवंत राहतो. त्याला मारावयास १९०० हें साल लागतें, कारण त्यास ४ नें भाग जातो, पण तें लीप वर्ष नव्हतें. दुसरा म्यूटंट ४०० चा भाग गाळतो. १९०० नें तो मरत नाहीं. त्याला २००० हवें. आतां आपणांजवळ चार सालें झालीं, आणि कोणासहि वाटेल कीं नियमाच्या सर्व अंगांस स्पर्श झाला. इतक्यांत यंत्र एक तिसराच म्यूटंट पुढें करतें: ४०० च्या जागीं २००. चारी सालें विचारून पाहा. २०२३, २०२४, १९००, २०००; एकाचेंहि उत्तर बदलत नाहीं! त्याला मारतें १८०० हें साल. १८०० ला २०० नें भाग जातो, म्हणून म्यूटंट त्याला लीप म्हणतो. ४०० नें जात नाहीं, म्हणून खरा नियम नाहीं म्हणतो. आणखी गंमत अशी कीं, १०० चा अपवाद गाळणारा पहिला म्यूटंटहि १८०० नेंच मरतो. तेव्हां १९०० ला रजा देऊन त्याच्या जागीं १८०० बसविलें म्हणजे सालें चारच राहतात आणि चांचणी मात्र अधिक कडक होते. ही सुधारणा केवळ डोकें खाजवून सुचणें कठीण. ती जिवंत राहिलेल्या म्यूटंटानें सुचविली.

लीप वर्षाचीच गोष्ट निघाली आहे तर एक खरी हकीकत सांगण्याजोगी आहे. मायक्रोसॉफ्ट कंपनीनें २००६ सालीं झून नांवाचें, गाणीं ऐकण्याचें खिशांतलें यंत्र विक्रीस आणलें होतें. ३१ डिसेंबर २००८ रोजीं त्याच्या ३० गिगाबाइटच्या नमुन्याचीं यंत्रें ठिकठिकाणीं एकाएकीं निपचित पडलीं. दोष होता आंतील घड्याळाच्या आज्ञावलींत. १ जानेवारी १९८० पासून किती दिवस झाले यावरून ती चालू साल काढीत असे. तिची रीत अशी: दिवस ३६५ हून अधिक आहेत तोंवर पुढील काम करीत राहा. वर्ष लीप नसेल तर ३६५ वजा करून वर्ष एकानें वाढवा. वर्ष लीप असेल तर, दिवस ३६६ हून अधिक असल्यास, ३६६ वजा करून वर्ष एकानें वाढवा. वाचतांना कोठें कांहीं खटकतें काय? २००८ हें लीप वर्ष, आणि ३१ डिसेंबर हा त्याचा ३६६ वा दिवस. शिल्लक दिवस ३६६ राहिले. ते ३६५ हून अधिक आहेत, म्हणून काम चालू ठेवावयाचें. पण ३६६ हून अधिक नाहींत, म्हणून कांहींच वजा करावयाचें नाहीं. पुन्हां तोच प्रश्न, पुन्हां तेंच उत्तर. घाण्याच्या बैलासारखी आज्ञावली जागच्या जागीं फिरत राहिली. बॅटरी पुरती उतरूं द्यावी आणि १ जानेवारीच्या दुपारनंतर यंत्र पुन्हां सुरू करावें, असा सल्ला कंपनीस द्यावा लागला.

या आज्ञावलीचा एक म्यूटंट आपण करून पाहूं: "३६६ हून अधिक" याऐवजीं "३६६ किंवा अधिक." मूळ आज्ञावली व हा म्यूटंट यांचें वर्तन कधीं निराळें होईल? वर्ष लीप असून शिल्लक दिवस बरोबर ३६६ असतील तेव्हांच. इतर कोणत्याहि दिवशीं दोघे सारखेच. अर्थात् हा म्यूटंट मारावयाचा तर लीप वर्षाच्या ३१ डिसेंबरचा प्रश्न चांचणींत घालणें भागच आहे. आणि तो घातल्याबरोबर काय झालें असतें? म्यूटंट चुकीचें उत्तर देतो हें खरें, परंतु मूळ आज्ञावली तर उत्तरच देत नाहीं! शिकार म्यूटंटची करावयास निघावें आणि जाळ्यांत मूळ आज्ञावलीच सांपडावी, असा प्रकार झाला असता. या रीतीचा खरा लाभ हाच आहे. म्यूटंट मारणें हें केवळ निमित्त. तो मारण्यासाठीं ज्या आडवळणाच्या जागीं जावें लागतें, तेथें खरे दोष दबा धरून बसलेले असतात.

या कल्पनेचा उगम एका विद्यार्थ्याकडे जातो, हें आमच्या वाचकांस आवडेल. अमेरिकेंत रिचर्ड लिप्टन यांनीं विद्यार्थिदशेंत असतांना, १९७१ सालीं, वर्गासाठीं लिहिलेल्या एका निबंधांत ती प्रथम मांडली. पुढें १९७८ सालीं रिचर्ड डेमिलो व फ्रेडरिक सेवर्ड यांच्यासह त्यांनीं ती एका लेखांत सविस्तर प्रसिद्ध केली, आणि १९८० सालीं टिमथी बड यांनीं येल विद्यापीठांत याच विषयावर आपला डॉक्टरेटचा प्रबंध लिहिला. साऱ्या इमारतीचा पाया दोन गृहीतांवर आहे. पहिलें असें कीं, आज्ञावली लिहिणारा मनुष्य आपल्या कामांत बराच वाकबगार असतो. तो गणिताच्या जागीं कविता लिहून ठेवीत नाहीं. त्याची आज्ञावली बरोबर नसली तरी बरोबरच्या अगदीं जवळ असते, म्हणून लहानसहान फेरफारांचे म्यूटंट पुरतात. दुसरें गृहीत असें कीं, लहान लहान चुका पकडणारी चांचणी त्या चुका एकत्र होऊन झालेली मोठी चूकहि बहुधा पकडते. हें दुसरें सहज पटण्याजोगें नाहीं. पण १९९२ सालीं जेफ ऑफट यांनीं केलेल्या प्रयोगांनीं त्याला चांगलीच पुष्टि मिळाली.

मग इतकी नामी युक्ति पन्नास वर्षें घरोघर कां पोंचली नाहीं? एक कारण खर्चाचें. समजा, एखाद्या आज्ञावलीचे ५,००० म्यूटंट झाले आणि सर्व चांचण्या एकदां चालवावयास एक मिनिट लागतें. मग ५,००० मिनिटें, म्हणजे जवळजवळ साडेतीन दिवस संगणक यांतच गुंतून राहणार. दुसरें कारण अधिक नाजूक आहे. कांहीं म्यूटंट मरूंच शकत नाहींत. वर्गांतील सर्वांत अधिक गुण शोधणारी आज्ञावली घ्या. ती एकेक आंकडा पाहत जाते व आधींच्या मोठ्यांत मोठ्या आंकड्याहून नवा आंकडा मोठा असेल तर तो ध्यानांत ठेवते. म्यूटंट म्हणतो, "मोठा अथवा समान असेल तर." ७२ च्या जागीं दुसरा ७२ ठेवल्यानें काय बिघडलें? उत्तर ७२ च. येथें चांचणीचा दोष नाहीं आणि आज्ञावलीचाहि नाहीं. म्यूटंट दिसावयास निराळा, पण अर्थानें मूळ आज्ञावलीच आहे. असे सममूल्य म्यूटंट ओळखून वेगळे काढणारी सर्व प्रसंगीं चालेल अशी यांत्रिक रीत असूंच शकत नाहीं, हें बड व डॅना अँग्लुइन यांनीं १९८२ सालीं दाखवून दिलें. तेव्हां जिवंत राहिलेल्या प्रत्येक म्यूटंटापुढें माणसाला बसून विचार करावा लागतो, आणि विचार करण्याचा कंटाळा हा जुनाच रोग आहे.

आतां संगणक पूर्वींपेक्षां किती तरी वेगवान् झाले, व माणसेंहि शहाणीं झालीं. गूगल कंपनींतील अभियंत्यांनीं २०१८ सालीं आपली पद्धति प्रसिद्ध केली. ते संपूर्ण आज्ञावलीचे म्यूटंट करीत नाहींत. त्या दिवशीं ज्या ओळी बदलल्या तेवढ्याच घेतात, एका ओळीस एकाहून अधिक म्यूटंट करीत नाहींत, ज्या ओळींचा निकालाशीं संबंध नाहीं त्या वगळतात, आणि जो म्यूटंट जिवंत राहील तो, आज्ञावली मान्य करण्यापूर्वीं ती वाचणाऱ्या सहकाऱ्याच्या नजरेसमोर ठेवतात. शंभर वह्या एका रात्रींत तपासण्यापेक्षां रोज दहा तपासणें बरें, हें ज्या शिक्षकास उमजलें त्याला यांतील मर्म सांगावयास नको.

या रीतीची गरज आज वाढली आहे, याला आणखी एक कारण आहे. हल्लीं आज्ञावली लिहिण्याचें कामहि यंत्राकडून करून घेतात, व पुष्कळदां तिच्या चांचण्याहि तेंच यंत्र लिहून देतें. मुलानेंच उत्तरपत्रिका लिहावयाची आणि ती पाहून त्यानेंच प्रश्नपत्रिका काढावयाची, असा हा प्रकार. हिरव्या खुणा भराभर उमटतात. पण त्या चांचण्या कशालाच नाहीं म्हणत नसतील तर त्यांच्या हो म्हणण्याला किंमत किती? तिऱ्हाइतानें घातलेले म्यूटंट त्यांच्यापुढें ठेवले म्हणजे त्यांचें पाणी कळून येतें.

तथापि या रीतीच्या हातून काय होत नाहीं, हेंहि सांगितलें पाहिजे. ४ जून १९९६ रोजीं दक्षिण अमेरिकेंतील फ्रेंच गियाना येथील कूरू तळावरून युरोपीय राष्ट्रांचें एरियन-५ हें अग्निबाण पहिल्यांदाच उडालें आणि सुमारें ४० सेकंदांत आकाशांत फुटलें. त्यांतील दिशादर्शक यंत्राची आज्ञावली आधींच्या एरियन-४ वरून तशीच उचललेली होती. नव्या अग्निबाणाचा आडवा वेग जुन्याहून पुष्कळ अधिक. त्यावरून निघालेली एक संख्या, ३२,७६७ हून मोठी संख्या जेथें मावत नाहीं अशा जागेंत भरण्याचा यत्न झाला, व यंत्र बंद पडलें. संख्या मावते कीं नाहीं हें आधीं पाहा, अशी आज्ञा त्या जागीं नव्हतीच. जुन्या अग्निबाणाच्या हिशेबानें तिची गरज नव्हती. म्यूटंट तयार होतो तो लिहिलेल्या ओळींतून. जी ओळ लिहिलीच नाहीं ती बिघडविणार कशी? जें करावयाचें तेंच चुकीचें ठरविलें असेल, किंवा परिस्थिति बदलली हें कोणाच्या लक्षांतच आलें नसेल, तर शेंकडा शंभर म्यूटंट मारूनहि अग्निबाण वांचत नाहीं. चांचणीनें दोष आहे हें दाखवितां येतें, दोष नाहीं हें दाखवितां येत नाहीं, असें डच शास्त्रज्ञ एड्सगर डायक्स्ट्रा म्हणत असत. म्यूटंटांच्या योगानें त्यांचें म्हणणें खोटें पडलेलें नाहीं.

आमच्या विद्यार्थ्यांपैकीं जे शाळेंतील संगणकावर आज्ञावली लिहावयास शिकत आहेत, त्यांच्याकरितां लीप वर्षाचें एक काम शिल्लक ठेविलें आहे. आपलीं चार सालें आतां २०२३, २०२४, १८०० व २००० अशीं आहेत. नियमांतील ४ च्या जागीं एकदां २ घालून पाहावे आणि एकदां ८ घालून पाहावे. दोन्ही म्यूटंट या चारी सालांच्या हातून जिवंत सुटतात. तें कसें, हें कागदावर भागाकार करून ताडून पाहावें. सालांची संख्या चारच ठेवून, त्यांपैकीं केवळ दोन बदलून, दोन्ही म्यूटंट मारतां येतात. मात्र "आणि" च्या जागीं "किंवा" घालणारा एक म्यूटंट आजवर २०२३ नें व १८०० नेंहि अडवून धरलेला आहे. ज्या सालास ४ नें भाग जातो, अथवा ज्यास १०० नें भाग जात नाहीं, असें कोणतेंहि साल तो बेधडक लीप ठरवितो. नवीं सालें निवडतांना तो निसटणार नाहीं एवढी खबरदारी घ्यावी.